शाई सुटली, पातं धरलं

मित्रांनो, लोखंडाला वाढदिवस नसतो, त्यामुळे माझं वय विचारू नका. एवढंच सांगतो, की ज्या मिस्त्रींनी मला पहिल्यांदा या खोलीत उभं केलं, त्यांच्या नातवाचेही केस आता पिकले आहेत. मी छापखान्यातलं एक जुनं ट्रेडल यंत्र. इथं मला सगळे म्हातारबा म्हणतात, तेव्हा मीही म्हातारबासारखाच बोलणार.

माझा जन्म ओतशाळेतला. तापून लाल झालेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, तेव्हा मी पाण्यासारखा पातळ होतो. ज्या आकारात घालाल, त्या आकाराचा. मग थंड झालो, टणक झालो आणि ताठही झालो. आपण कधीकाळी पातळ होतो, हे मी साफ विसरून गेलो. माणसंही विसरतात म्हणे.

मला एक मोठं चाक आहे, खाली पायडी आहे आणि समोरासमोर दोन जाड पाट आहेत. ते तोंडासारखे उघडतात आणि मिटतात. एका पाटावर खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, बसवायची. दुसऱ्यावर कागद ठेवायचा. माथ्यावरच्या गोल ताटलीतून शाई घेऊन रूळ खाली यायचे, अक्षरांवरून फिरायचे, मग तोंड मिटायचं. धडधड! कोरा कागद आत गेला की बोलका होऊन बाहेर. बाळ जन्मल्याची आनंदवार्ता मी छापली आणि त्याच बाळाच्या शाळेची प्रश्नपत्रिकाही मीच छापली. एका शाईच्या डब्यात किती सुखं आणि किती दुःखं मावतात, हे बघून मी कितीदा थक्क झालो असेन!

माझ्यावर दोन माणसांचा जीव. एक मशीनमन मामा. काडीसारखे बारीक, पण तोंड माझ्या चाकापेक्षा जोरात चालणारं. दुसरे उलटेकाका. हे जुळारी, म्हणजे खिळे वेचून ओळी लावणारे. छापताना सुलटं उमटावं म्हणून खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. चाळीस वर्षं तसली अक्षरं जुळवून काकांचा डोळाच तसा झाला होता. वर्तमानपत्र ते हातात कसंही धरत. पत्नी म्हणायची, "अहो, लोक हसतात, निदान वर्तमानपत्र तरी सरळ धरा." काका म्हणायचे, "बातम्या कुठे सरळ असतात?"

थोरल्या मालकांनी कितीदा माझ्या चाकावर हात ठेवून पाहुण्यांना सांगितलं असेल, "हा आहे म्हणून आम्ही आहोत." मी फुगून जायचो. लोखंड फुगत नाही, पण तरी.

मग काम आटत गेलं. एक दिवस कमी, मग एक आठवडा कमी. लोक छोट्या पडद्यावर लिहू लागले आणि तिथंच वाचू लागले. मोठ्या छपाईला दूरची मोठी यंत्रं आली. माझ्यावर एक मळकी चादर आली, चादरीवर मामांची पिशवी आणि पिशवीवर चहाचे उष्टे कप. एकदा भंगारवाला आला. त्यानं चादर उचलून माझ्या पायावर बोटानं टकटक केलं आणि "वजनदार आहे," म्हणाला. मित्रांनो, आयुष्यभर आपल्याला कामानं ओळखलं जावं आणि शेवटी वजनानं मोजलं जावं, हे फार लागतं हो.

थोरल्या मालकांचे गुडघे गेले, तेव्हा खुर्चीवर त्यांची लेक आली. उलटेकाकांनी तिला पाळण्यात पाहिलेली, म्हणून ते तिला पोरी म्हणत. मामांसाठी मात्र ती ताई. ताईनं आल्या आल्या नवीन काही आणलं नाही. एक वही घेतली आणि आठवडाभर रस्त्यावरच्या दुकानांत जाऊन फक्त विचारलं, "तुम्हाला काय मिळत नाही?" कुणीच "छपाई" म्हणालं नाही. मेणबत्तीवाला म्हणाला, "थोडी खोकी कुणी करून देत नाही. मोठे कारखाने लाखाच्या खाली हलत नाहीत." घड्याळवाल्याचं म्हणणंही तेच. शंभर-दोनशे खोकी हवी असणारी माणसं पावलोपावली होती.

ताई परत आली, माझी चादर ओढून काढली आणि आताच्या मिस्त्रींना, म्हणजे त्या पहिल्या मिस्त्रींच्या नातवाला, म्हणाली, "याच्या तोंडात जोर किती आहे?"

"दगड चावेल."

"मग पुठ्ठा कापेल?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "कापेल. पण रूळ उतरवावे लागतील. आणि ही शाईची ताटलीही."

त्या दुपारी माझे तिन्ही रूळ निघाले. ताटली निघाली. कागदाच्या पाटावर पोलादाची पत्री, म्हणजे सपाट जाड पत्रा, बसली. मी मनात म्हटलं, संपलं. ज्याला शाई नाही, तो कसला छापखान्याचा म्हातारबा? काका दारात उभे होते. उतरवलेले रूळ त्यांनी एकेक करून पुसले आणि कापडात गुंडाळून ठेवले.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका! मिस्त्रींनी कुठूनशी एक पाटी आणली. लाकडाच्या पाटीत पोलादी पाती उभी रोवलेली, त्यांतली काही धारदार, काही बोथट. हिला डाय म्हणतात. ती खिळ्यांच्या जागी बसली. धारदार पातं पुठ्ठा कापतं आणि बोथट नुसती घडीची रेघ उमटवतं. मामांनी एक पांढरा पुठ्ठा लावला. माझं तोंड मिटलं. उघडलं. आणि ताईनं तो पुठ्ठा उचलून चार ठिकाणी दुमडला, तर तिच्या तळहातावर एक खोकं उभं! सपाट गेलं आणि पोकळी घेऊन बाहेर आलं. आजवर मी कागदावर बोलत होतो, आता कागदाला खोली देत होतो. ज्यानं घडवलं त्याच्या मनात आणखी काय काय आहे, ते घडलेल्याला कुठं ठाऊक असतं?

मी शिकलो, कारण मला विचारलं कुणी नव्हतं. माणसांचं तसं नसतं.

ताईनं एक रीत सुरू केली. दर शनिवारी अकरा ते बारा अदलाबदल. त्या तासात प्रत्येकानं दुसऱ्याच्या जागेवर बसायचं. गोंद लावणाऱ्यानं पायडीवर, पायडीवाल्यानं ताईच्या संगणकावर, आणि खुद्द ताईनं झाडू घ्यायचा. पहिल्या शनिवारी मामांनी संगणकावर खोक्याची आकृती काढायला घेतली आणि पडद्यावरून सगळंच गायब झालं. "ताई, खोकं पळालं!" म्हणून ते टेबलाखाली वाकून बघू लागले. सगळे हसून हसून बेजार.

फक्त काका आपल्या स्टुलावरून हलले नाहीत.

"काका, आज गोंदाच्या टेबलावर बसता का?" ताई म्हणाली.

"पोरी, मी अक्षरं जुळवतो. गोंद लावायला शाळेतली मुलं बसव."

"ती काकांपेक्षा नीट लावतील, हीच तर भीती आहे!" मामा.

"तू तुझी पायडी आणि तुझं तोंड, दोन्ही जरा हळू चालव."

खरी गोष्ट अशी होती, की जुळवायला अक्षरं उरली नव्हती. काका रोज नऊला यायचे, अंगावर निळा एप्रन चढवायचे, खिळ्यांची घरं पुसायचे आणि पाचला जायचे. आपली जागा जाणार, हे त्यांना दिसत होतं. ती कशी टिकवायची, हे दिसत नव्हतं. मी समोरच उभा असे. एखाद्या माणसाचे इतके हुशार हात धूळ पुसताना बघणं सोपं नाही.

अशात औषधवाल्या बाई आल्या. त्या डोळ्यांत घालायच्या थेंबांचं औषध बनवत. बाटली इवलीशी, काचेची, शेजारी थेंब सोडायची नळी. "बाटली खोक्यात हलली तर फुटते," त्या म्हणाल्या. "केसभरही सैल नको. दोन हजार खोकी, येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला. सोमवारी ती नेत्र-इस्पितळात जायची आहेत. जमलं तर वर्षभराचं काम तुमच्याकडेच."

त्या गेल्यावर ताईनं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "हे जमलं तर आपण राहिलो. नाही जमलं तर म्हातारबाला विकून मला दाराला कुलूप लावावं लागेल. केसभराचं माप इथं एकाच माणसाच्या हातात आहे." आणि ती उलटेकाकांकडे वळली. "काका, डाय तुम्ही करा."

"मी? सुतार आहे का मी?"

"दोन ओळींमधलं अंतर तुम्ही नखानं सांगता. पातं वाकवायला तेच लागतं."

काकांनी चष्मा पुसला. मग स्टुलावरून उतरले. चार दिवस त्यांनी लाकडाच्या पाटीत खाचा पाडल्या, पोलादी पाती वाकवली, रोवली, काढली, परत रोवली. बोटांना पट्ट्या बांधल्या. मित्रांनो, साठीचा माणूस जीभ दातात धरून पहिलं पातं वाकवतो, तेव्हा तो सात वर्षांचा दिसतो. मी ते पाहिलं आहे. देवळात जावं तसं वाटलं.

शुक्रवारी डाय माझ्या तोंडात बसली. कोऱ्या पुठ्ठ्यावर पहिलं खोकं निघालं. ताईनं बाटली आत सरकवली, कानाजवळ हलवली. आवाज नाही. मामांनी काकांच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्यांचा चष्मा निसटला.

शनिवारी सकाळी दहाला औषधाचं नाव छापलेले पुठ्ठे आले. छपाई अर्थातच दुसरीकडून करून आणलेली. मामांनी पहिला लावला. धडधड. काढला, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मामा गप्प झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

घडीची रेघ औषधाच्या नावाच्या पोटातून गेली होती. चिकटवायची पट्टी डावीकडे हवी होती, ती उजवीकडे आली होती. सगळं खोकं आरशातलं.

काय घडलं होतं ते सांगतो. डायसुद्धा खिळ्यासारखीच उलटी करावी लागते. पण संगणकातून आलेली आकृती आधीच उलटवून दिलेली होती. काकांनी ती पाहिली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं, विचारही न करता, पुन्हा उलटवली. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. कोऱ्या पुठ्ठ्याला ना नाव, ना तोंड. त्याचं खोकं कसंही केलं तरी बरोबरच दिसतं, म्हणून शुक्रवारी कुणाच्या लक्षात आलं नाही. नवी डाय करायची, तर आणखी चार दिवस. हातात सात तास.

काकांनी तो पुठ्ठा टेबलावर ठेवला. मग एप्रनची गाठ सोडली.

"माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही. मी आता येत नाही उद्यापासून."

"उद्या रविवार आहे," मामा हळूच म्हणाले.

"मग परवापासून."

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ती रागावली नाही आणि समजूतही घातली नाही. घड्याळाकडे बघून म्हणाली, "काका, बाईंना काय सांगायचं ते ठरवायला मला थोडा वेळ हवा. तोवर अकरा वाजतील. अदलाबदलीचा तास आजवर तुम्ही एकदाही पाळलेला नाहीत. जायचंच असेल तर जा. पण तो एक तास म्हातारबासमोर उभे राहा, आणि मग जा."

"आता? या अवस्थेत?"

"नियम म्हणजे नियम."

"आणि मी काय करू?" मामांनी विचारलं. "काकांच्या स्टुलावर बसून रुसू?"

इतक्या संकटातही ताईच्या ओठांचा कोपरा हलला.

तर मित्रांनो, चाळीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला बसलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या समोर उभा राहिला. पायडीवर पाय ठेवला, तो चुकला. पुन्हा ठेवला. माझं तोंड उघडलं. आत डाय, तिची पाती त्यांच्याकडे रोखलेली. हातात छापील पुठ्ठा. काका पुठ्ठा लावायला गेले आणि थांबले. माझं चाक फिरतच होतं, तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि काका नुसते बघत होते. एकदा डायकडे. एकदा पुठ्ठ्याकडे. मग त्यांनी पुठ्ठा खिडकीकडे धरला. उजेडात मागच्या बाजूनं औषधाचं नाव पुसट दिसलं. उलटं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, अडखळल्याशिवाय.

आणि पुठ्ठा पालथा करून माझ्या तोंडात लावला.

"अहो काका, पालथा गेला! छापलेली बाजू मागं!" मामा स्टुलावरून ओरडले.

"जाऊ दे."

धडधड.

काकांनी पुठ्ठा काढला, सरळ केला, दुमडला. औषधाचं नाव समोरच्या बाजूवर, बरोबर मधोमध. पट्टी डावीकडे. घडी जिथं हवी तिथं.

कुणाला काही कळेना. ताई म्हणाली, "हे कसं?"

काकांनी खिशातून थंडीतला हातमोजा काढला. डाव्या हाताचा होता. "हा उजव्या हातात बसतो?"

"नाही."

त्यांनी तो आतून बाहेर उलटवला आणि उजव्या हातात चढवला. "बसला. डाय चुकलेलीच आहे, पोरी. पण पुठ्ठा पालथा केला की तीच बरोबर होते. तिकडून बसून दिसलं नसतं मला. इथं उभं राहिल्यावर दिसलं."

अंगावर काटा येणं काय असतं ते लोखंडाला कळत नाही म्हणतात. मला कळलं. ज्या उलट्या डोळ्यानं घात केला होता, त्याच डोळ्यानं हात दिला. नवा डोळा कुणी आणून बसवला नव्हता. जुनाच डोळा चार पावलं सरकून उभा राहिला होता. प्रभू, तुझी लीला काय वर्णावी!

पण एवढ्यानं दोन हजार खोकी होत नसतात. मामांनी दुमडलेल्या घडीवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं. "रेघ उलट्या बाजूनं बसतेय. घडी कडक होणार, कडेला छपाई तडकणार."

"मग?"

"मग आता स्टुलावरून उठू का मी? की रुसूनच राहू?" असं म्हणत ते उठले. त्यांनी पत्रीमागं पातळ कागदांची गादी घातली. एक कागद जास्त, मग एक कमी, मग अर्धा फाडून. चौथ्या खेपेला घडी बसली, तडकली नाही. पुठ्ठा टेकवायचे ठोकळेही त्यांनी दुसऱ्या बाजूला हलवले, कारण पालथ्या पुठ्ठ्यावर नाव दिसत नाही, आंधळ्यानं उंबरा शोधावा तसं ठोकळ्याला टेकवूनच लावावं लागतं. मामा लावत होते, काका काढून तपासत होते, ताई गोंद लावत होती. बाराचे दोन झाले, दोनाचे चार. जेवणाचे डबे कुणी उघडले नाहीत. माझ्या धडधडीत मला एक ताल ऐकू येत होता. पूर्वीही तो असेल, पण तेव्हा मला वाटायचं तो माझा आहे. त्या दिवशी कळलं, तो तिघांचा होता.

पाचला दहा मिनिटं असताना बाई आल्या. त्यांनी एक खोकं उचललं. ताई बोलायला पुढं झाली, पण काका तिच्या आधी बोलले.

"बाई, आधी सांगतो. डाय माझ्याकडून चुकली होती. खोकी मागच्या बाजूनं कापलीत. माप बरोबर आहे, पण घडी थोडी कडक आहे. तुम्हाला नको असतील तर दोष माझा, या पोरीचा नाही."

 बाईंनी खोक्यात बाटली घातली, नळी घातली, झाकण लावलं आणि खोकं टेबलाच्या उंचीवरून सोडून दिलं. ठक्! मामांनी डोळे मिटले. बाईंनी उचलून उघडलं. बाटली शाबूत.

त्यांनी घडीवरून बोट फिरवलं. "कडक आहे खरी. म्हाताऱ्या माणसांना उघडायला त्रास होईल. पुढच्या वेळी मऊ पाहिजे."

दोन हजार खोकी घेऊन त्या गेल्या. मग मामा म्हणाले, "काय म्हणाल्या हो त्या? पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं. तिनं गोंदाच्या हातानंच ते पुसलं, आणि भुवई चिकटली.

काका सोमवारी आले का? मित्रांनो, नऊला नाही, साडेआठला आले. ताईच्या शेजारी खुर्ची ओढली. "त्या आकृतीत उलटं की सुलटं ते कुठं बघायचं, दाखव मला. आणि हळू दाखव. हसलीस तर उठून जाईन." ती हसली. ते उठले नाहीत.

परवा तो घड्याळवाला आला होता. त्याला सहा बाजूंचं खोकं हवं आहे, पाकळ्यांसारखं वर मिटणारं. ते कसं करायचं, हे आमच्यापैकी एकालाही येत नाही. काका कागद दुमडून दुमडून टेबलाखाली टाकतायत. मामा म्हणतात, "काका, हा तर कोबी झाला!" ताई खाली बसून चुरगळलेले कागद उलगडून बघतेय. आणि मी समोर उभा आहे, तोंड उघडून. भीतीनं नव्हे, आता नवलानं.

म्हणून हात जोडून विनवणी आहे. तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत कुणी रिकाम्या हातानं धूळ पुसत बसलं असेल, तर त्याला दार दाखवू नका, आधी दुसरी जागा दाखवा. तिथून त्याला काय दिसतं, ते विचारा. आणि तुम्हालाच कुणी उठून दुसरीकडे बसायला सांगितलं, तर रागावून एप्रन सोडू नका, एक तास तरी उभे राहा. पायडी पहिल्यांदा चुकेल. चुकू द्या. आमच्यासारख्या लोखंडाला वळायला भट्टी लागते. तुम्हाला देवानं इतकं मऊ केलंय, की एखाद्यानं मायेनं हाक मारली तरी पुरतं.